दामाजींच्या गावातली कला शाखा

मंगळवेढ्यात मुलानं बीएला नाव घातलं की घरात प्रश्न ठरलेला असतो, 'मग पुढं काय करणार?' प्रश्न रास्त आहे. तालुका बराचसा कोरडवाहू. दक्षिणेकडची गावं कित्येक वर्षं पाण्यासाठी भांडतायत. पोलीस भरती नाहीतर स्पर्धा परीक्षा, एवढ्याच वाटा मुलांना दिसतात. तरीही भाषा, इतिहास आणि समाजशास्त्र शिकायला याहून चांगलं गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, असं माझं ठाम मत आहे.

इथल्या कॉलेजचं नाव श्री संत दामाजी महाविद्यालय. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात बहामनी सरकारचं धान्यकोठार भुकेल्यांसाठी खुलं करणारे दामाजीपंत याच गावचे. 2004 साली सोलापूर विद्यापीठ झालं; त्याआधी जिल्ह्यातल्या कॉलेजांचा कारभार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होता. विद्यापीठ जवळ आलं, ही खेड्यातल्या मुलांसाठी मोठी सोय झाली.

मराठीच्या तासाला संत साहित्य असतंच. पण चोखामेळा इथं शिकणं वेगळं. 1338 साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली सापडून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या, असं परंपरा सांगते. ज्याला गावात राहायला जागा नव्हती त्यानंच गावाची भिंत बांधावी, यात समाजशास्त्राचा अख्खा पेपर आहे. तो शिकवायला गाईड लागत नाही. मुलांना वेशीपर्यंत चालत नेलं तरी पुरे. संत कान्होपात्रा इथलीच. कलचुरींची सुरुवातीची राजधानीही हीच, आणि महात्मा बसवेश्वरांच्या कारकिर्दीचा आरंभीचा काळ इथं गेला असं मानतात. सीमेलगतच्या गावांतली काही मुलं घरी कानडी बोलतात. त्यांना बसवण्णांची वचनं मुळातून कळू शकतात, आणि ही मोठी दौलत आहे. तिची लाज वाटून घेणारी मुलं पाहिली की जीव तुटतो.

कॉलेजचं वेळापत्रक एसटी ठरवते. खेड्यातल्या मुलींचं शिक्षण तर सकाळच्या एका गाडीवर टिकून असतं. ती बंद झाली की पहिला बळी त्यांच्या हजेरीचा. पुढं फेब्रुवारीत सुगी लागते. इथल्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण काळ्या रानातली ती ज्वारी उपटायला, पेंढ्या बांधायला घरचेच हात लागतात. बाकं रिकामी दिसतात ती त्यामुळं. त्या मुलांना उनाड ठरवणं हा अन्याय आहे.

संशोधनाबद्दल मात्र थोडं कडक बोलावं लागेल. आपल्याकडच्या कॉलेजांत पुस्तकावरून पुस्तक लिहिण्याची खोड फार. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला गुण आहेत. तो तरी इंटरनेटवरून उतरवू नये. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्या कामाला लागलं काय, तर चिकाटी आणि बायांचा विश्वास. मंगळवेढ्याच्या विद्यार्थ्याची आजी घरातच आहे. पेरणी, हुरडा, खळं यांचे तिचे शब्द, हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेत होणाऱ्या पालख्यांच्या भेटी, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्यांच्या आठवणी हे सगळं मोबाइलवर टिपता येतं. सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत.

इतिहासाचंही तसंच. 1948 पर्यंत मंगळवेढा सांगली संस्थानात होतं. त्या काळातले मोडी कागद तालुक्यातल्या जुन्या वाड्यांत असतील, तर ते वाळवी नाहीतर रद्दीवाला नेतो. मंगळवेढेकरांना हात जोडून विनंती आहे: माळ्यावर असं दप्तर असेल तर विकू नका, जाळू नका. कॉलेजातल्या इतिहासाच्या शिक्षकांना एकदा घरी बोलवा आणि ते दाखवा.