गोड न लागणारी साखर

साखर म्हटली की चहा, शिरा आणि मधुमेहाचा रिपोर्ट आठवतो. पण आपलं शरीर साखरेचे छोटे रेणू गुंफून लांबलचक साखळ्याही बनवतं. त्या जिभेला गोड लागत नाहीत, मात्र त्यांच्यावाचून शरीराचं पान हलत नाही!

गुडघ्यातलं वंगण : सांध्यातलं द्रव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत असतं, ते हायल्युरॉनिक ॲसिड या साखळीमुळे. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांना ती गायीच्या डोळ्यात सापडली. सत्तर किलोच्या माणसात ती असते जेमतेम १५ ग्रॅम, पण त्यातली जवळपास एक तृतीयांश रोज मोडते आणि रोज नव्याने बनते.

जिना उतरताना : कूर्चेत कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या बाटली धुण्याच्या ब्रशच्या केसांसारख्या दाटीने असतात आणि पाणी धरून ठेवतात. पाऊल टेकलं की थोडं पाणी बाहेर दाबलं जातं, उचललं की परत आत शिरतं. हाडांना बसणारा धक्का असा वाटेतच विरतो.

रक्त गोठू न देणारी : हेपॅरिन १९१६ मध्ये कुत्र्याच्या यकृतातून मिळालं. आज हे औषध मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढतात.

बाळाच्या पाहुण्यांसाठी : आईच्या दुधात दीडशेहून अधिक प्रकारच्या जटिल शर्करा असतात. बाळाला त्या पचत नाहीत. ते खाद्य असतं त्याच्या आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचं!

रक्तगट म्हणजे साखरच : तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला एक शर्करा असली तर गट 'ए', दुसरी असली तर 'बी', दोन्ही असल्या तर 'एबी'. दोन्ही नसल्या तर 'ओ'.

मुंबईचं नाव लागलेला गट : 'ओ' गटातही 'एच' नावाची मूळ साखळी असते. ती ज्यांच्यात नाही, अशी माणसं १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधली. हाच 'बॉम्बे' रक्तगट. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ' वाटू शकतो, पण या व्यक्तींना 'ओ' रक्तही चालत नाही. फक्त बॉम्बेच हवं.

घरात कुणाचा हा गट निघाला, तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या आणि रक्तपेढीच्या दुर्मिळ दात्यांच्या यादीत नाव नोंदवा.