घरचे भेटायला आले, आता न्यायचं कुठे?

रविवारी घरचे डबा घेऊन हॉस्टेलवर येतात. डबा संपतो, रूम बघून होते आणि मग प्रश्न पडतो, आता जायचं कुठे? "आपल्या मराठवाड्यात बघण्यासारखं आहेच काय?" हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. मी सिव्हिलची विद्यार्थिनी, त्यामुळे दगड आणि भिंती बघायची सवयच लागली आहे!

लातूरकरांना एक औसा तालुका पुरेसा आहे. लातूरपासून सुमारे २० किलोमीटरवर औशाचा भुईकोट किल्ला लागतो. तो मुद्दाम सखल जागेत बांधलेला असल्यामुळे लांबून पटकन दिसत नाही. शत्रू मात्र बुरुजावरून दिसतो. खंदक आणि दुहेरी तटबंदी बघून लहान भावंडं खूश होतात.

पुढे खरोसा. इथल्या टेकडीतली हिंदू आणि जैन लेणी साधारण सहाव्या शतकातली मानतात. दगड जांभा, म्हणजे कोकणात घरांना वापरतात त्या जातीचा. कोरताना तो मऊ असतो, हवेने कठीण होतो. पण तो सच्छिद्र असल्याने मूर्ती झिजल्या आहेत. गंमत म्हणजे इथे दगडावर दगड रचलेलाच नाही, सगळं एका टेकडीतून कोरून काढलेलं. सांधाच नाही!

मग त्याच तालुक्यातल्या किल्लारीला जा. ती सहलीची जागा नव्हे, पण घरच्यांबरोबर जावं अशी नक्कीच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. आठ ते दहा हजार माणसं गेली. एवढ्या तीव्रतेला इतके बळी का? घरांच्या जाड भिंती दगड-मातीच्या होत्या. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधणारे लांब आडवे दगड फारसे नसायचे. वर उन्हापासून गारवा देणारं मातीचं जड माळवद. जमीन हलली, भिंती फुटल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आलं.

मी आजीला तिथे घेऊन गेले होते. ती एवढंच म्हणाली, "आपलंबी घर माळवदाचंच होतं की गं." पुस्तकातली 'भूकंपरोधक पट्टी' मला त्या दिवशी खरी कळली. आडवे दगड आणि भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा, एवढ्यानेही घर माणसांना बाहेर पडायला वेळ देऊ शकतं.

नांदेडकरांनी हेवा करू नये! गुरु गोविंदसिंगजींचं १७०८ मध्ये जिथे निधन झालं, तिथला हुजूर साहिब गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवला. डोकं झाका, चपला बाहेर ठेवा आणि लंगरमध्ये सगळ्यांबरोबर पंगतीला बसा. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा किल्ला आहे, त्याचा खंदक बघाच.

उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा, पाणी आणि टोपी सोबत घ्या. खरोशाला आजी-आजोबांना चढताना हात द्या. आणि किल्लारीत फोटो काढण्याआधी घरच्यांना विचारा, "त्या पहाटे तुम्ही कुठे होतात?" आपल्या भागातल्या बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर आहे. ते ऐकणारं कोणी हवं.