परिस्थिती बदलली, रिलेला कळलं का?

३० जुलै २०१२. पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी मध्य प्रदेशातली ४०० केव्हीची बीना–ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली आणि काही क्षणांत उत्तर भारताचं वीजजाळं कोसळलं. चंडीगड–अंबाला महामार्गावरच्या डेराबस्सीतले कारखाने त्याच जाळ्यावर चालतात. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच लाइन पुन्हा ट्रिप झाली. या वेळी उत्तरेसोबत पूर्व आणि ईशान्य भारताचं जाळंही बसलं, साठ कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. महाराष्ट्र ज्या पश्चिम जाळ्यात आहे ते तगलं. म्हणूनच बहुधा आपल्याकडे त्या दोन दिवसांची आठवण फारशी निघत नाही.

चौकशीत जे बाहेर आलं ते मात्र प्रत्येक वीज ग्राहकाने समजून घ्यावं असं आहे. त्या लाइनवर फॉल्ट नव्हताच. तार तुटली नव्हती, झाड टेकलं नव्हतं. लाइन बंद केली ती तिच्या रक्षणासाठी बसवलेल्या रिलेने. आणि रिलेही बिघडलेला नव्हता. त्याला जे सांगून ठेवलं होतं, तेच त्याने केलं.

हा डिस्टन्स रिले लाइनचा व्होल्टेज आणि तिच्यातून वाहणारा प्रवाह सतत मोजतो आणि पहिल्याला दुसऱ्याने भागतो. उत्तर जितकं लहान, तितका फॉल्ट जवळ. त्याचे साधारण तीन टप्पे असतात. पहिला झोन लाइनच्या सुमारे ८० टक्के लांबीचा, तिथे क्षणात ट्रिप. दुसरा लाइन ओलांडून थोडा पुढे, काही दशांश सेकंद थांबून. तिसरा आणखी दूरवरचा. पुढच्या उपकेंद्रातला रिले किंवा ब्रेकर चुकलाच तर आधार म्हणून, सेकंदभर वाट पाहून ट्रिप देणारा. अडचण याच तिसऱ्या झोनची. लोड खूप वाढलं आणि व्होल्टेज खाली आला, की भागाकाराचं उत्तर फॉल्टशिवायही लहान होतं. त्या रात्री बीना–ग्वाल्हेरचं दुसरं सर्किट ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी बंद होतं. त्याचा भारही उरलेल्या सर्किटवर आला, व्होल्टेज ४०० केव्हीच्या बराच खाली होता. रिलेला तो दूरचा फॉल्ट वाटला.

दोष एकट्या रिलेवर टाकणं मला पटत नाही. अनेक लाइन आधीच बंद होत्या, राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, लोड वेळेवर कमी केलं गेलं नाही. पण साखळीतली शेवटची कडी रिलेची सेटिंग होती, आणि ती बाहेरच्या बदलाची दखल न घेता तशीच बसली होती.

यावर विचार करणाऱ्यांतलं एक मोठं नाव ग्वाल्हेरातच जन्मलेलं आहे. अरुण फडके, जन्म १९३८, शिक्षण खरगपूरच्या आयआयटीत आणि पुढे अमेरिकेत. तिथल्या एका मोठ्या वीज कंपनीत त्यांनी संगणकावर चालणाऱ्या रिलेंवर काम केलं, नंतर व्हर्जिनिया टेकमध्ये शिकवलं. १९८८ मध्ये स्टॅनली होरोविट्झ आणि जेम्स थॉर्प यांच्यासोबत त्यांनी अ‍ॅडाप्टिव्ह रिलेइंगवर निबंध लिहिला. त्याचा गाभा असा, की जाळ्याची स्थिती बदलेल तशी संरक्षणाची सेटिंगही आपोआप बदलावी. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेतल्या ओहायोत सॅमिस–स्टार लाइन तिसऱ्या झोनवरच, फॉल्टविना ट्रिप झाली आणि सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. २००६ मध्ये फडके आणि होरोविट्झ यांनी तिसऱ्या झोनचा नव्याने ऊहापोह केला. सहा वर्षांनी त्याच प्रकारची ट्रिप फडक्यांच्या जन्मगावाला जाणाऱ्या लाइनवर झाली.

आजच्या न्यूमेरिकल रिलेत ही सोय तयार असते. एकाच रिलेत चार, सहा किंवा त्याहून जास्त सेटिंग ग्रुप भरून ठेवता येतात. शेजारचं सर्किट बंद झालं की ब्रेकरच्या सहायक संपर्काकडून इशारा येतो आणि रिले दुसऱ्या ग्रुपवर जातो. नियंत्रण कक्षातूनही तो बदलता येतो.

डेराबस्सीत औषधं, रसायनं, सूत बनवणारे कारखाने आहेत. अशा कारखान्यात वीज गेली की डिझेल जनरेटर, म्हणजे डीजी सेट, चालू होतो, आणि तिथे हा प्रश्न उलट बाजूने येतो. समजा, १,००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याचा इम्पिडन्स ५ टक्के. ग्रिडवर असताना ४१५ व्होल्टच्या बसबारवर शॉर्टसर्किट झालं तर प्रवाह २८,००० अँपिअरच्या आसपास जाऊ शकतो. त्याच बसबारवर ५०० केव्हीएचा डीजी असेल, तर त्याचा पूर्ण लोडचा प्रवाहच सुमारे ७०० अँपिअर. फॉल्टमध्ये तो सुरुवातीला काही पट उसळतो, पण लगेच ओसरून तिपटीवर किंवा त्याखाली येतो. ग्रिडच्या हिशोबाने ४,००० अँपिअरला लावलेल्या रिलेला २,००० अँपिअरचा फॉल्ट दिसणारच नाही, आणि केबल जळत राहील. सेटिंग कायमची खाली आणली, तर ग्रिडवर मोठी मोटर सुरू होताच नाहक ट्रिप. इथे दोन ग्रुपच हवेत, आणि ग्रिडचा ब्रेकर उघडून डीजीचा लागला की बदल माणसाची वाट न पाहता व्हायला हवा. रात्रपाळीच्या ऑपरेटरने काळोखात पॅनेलवर जाऊन ग्रुप बदलावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

अर्थात आपोआप बदलणारी गोष्ट चुकीच्या दिशेनेही आपोआप बदलते. सहायक संपर्क गंजला, इशाऱ्याची वायर सुटली, तर रिले भलत्याच ग्रुपवर बसून राहतो आणि फॉल्ट येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून ब्रेकर उघडा आणि बंद हे दोन्ही संपर्क घेऊन ते एकमेकांशी जुळतात का हे पाहावं, बदलाला थोडा विलंब ठेवावा, इशारा संशयास्पद असेल तर कोणता ग्रुप चालावा हे आधीच ठरवावं. काही रिले ग्रुप बदलताना क्षणभर संरक्षणाबाहेर जातात, तेही उत्पादकाच्या पुस्तिकेत तपासावं. शिवाय एका रिलेची सेटिंग बदलली की वरच्या-खालच्या रिलेंशी त्याचा वेळेचा मेळ पुन्हा बसवावा लागतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ग्रिड संहितेत संरक्षण यंत्रणेचं दरवर्षी अंतर्गत ऑडिट आणि पाच वर्षांतून एकदा त्रयस्थ ऑडिट सांगितलं आहे. कारखान्यांनीही हा पायंडा पाडावा. ऑडिटला येणाऱ्याने फक्त चालू ग्रुपच्या सेटिंगची प्रिंट घेऊन जाऊ नये. प्रत्येक ग्रुपवर टेस्ट किटने प्रवाह सोडून रिले किती वेळात ट्रिप देतो ते पाहावं, आणि ग्रुप हाताने न बदलता खरा ब्रेकर उघडून बदलतो का, हे उभं राहून बघावं.