मालवणचा ल

दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत दांडीपासून सर्जेकोटपर्यंत मालवणच्या किनाऱ्यावर होड्या शाकारून ठेवलेल्या दिसतात. नारळी पौर्णिमा जवळ आली की झापं उतरतात, भेगा बुजवल्या जातात, रंगाचे डबे उघडतात आणि सगळं आटोपल्यावर शेवटी होडीचं नाव लिहिलं जातं. या शेवटच्या कामाला मालक पेंटरच्या पाठीशी येऊन उभा राहतो. रंगाची छटा थोडी इकडेतिकडे झालेली तो चालवून घेतो, पण अक्षराच्या बाबतीत ऐकत नाही. "माका तसलाच अक्षर होया," म्हणून गेल्या वर्षीच्या पुसट झालेल्या नावाकडे बोट दाखवतो. त्या वळणाला काय म्हणतात हे त्याला ठाऊक नसतं, आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नाही.

अक्षरवळणावरचं प्रेम बहुतेकांचं असंच बिननावाचं असतं. २००९ मध्ये आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीने आपल्या कॅटलॉगचा 'फ्युचुरा' टाइप बदलून 'व्हर्डाना' वापरला, तेव्हा गिऱ्हाइकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. तिथे लोकांना टाइपांची नावं तरी माहीत होती. आपल्याकडे नाव माहीत नसतं, ओळख मात्र पक्की असते.

छापील अक्षरांची आपली गोष्ट शेजारूनच सुरू होते. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना तिथे आला. १६१६ मध्ये राचोलला फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, अक्षरं मात्र रोमन. मराठीची थोरवी मनापासून गाणारं ते पुस्तक मराठी वळणाचं एकही अक्षर अंगावर न लेवता लोकांपुढे आलं, याची मला आजही हळहळ वाटते. आपल्या अक्षरांना धातूचे खिळे मिळाले ते पुढे दोन शतकांनी. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमने देवनागरी खिळ्यांना घाट दिला. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातलं. मिशनच्याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्याचे ठसे राणोजी रावजी आरू यांनी कोरले. निर्णयसागरच्या संस्कृत पोथ्या उघडल्या की मात्रा अक्षरावर नेमकी बसलेली दिसते, तीन मजली जोडाक्षरसुद्धा डोळ्यांना उकलतं. जुन्या प्रतींचे फोटो घेऊन पुन्हा पुस्तकं काढावीत आणि ती अभ्यासकांनी हौसेने विकत घ्यावीत, इतका त्या अक्षरांचा दरारा आहे.

पंचांगाचा तो धागा पुढे मालवणातच येतो. 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगांवकर यांचा जन्म १९२९ चा, मालवणचा. त्यांची दिनदर्शिका १९७३ पासून निघू लागली आणि कोकणातल्या घराघरांत देवाच्या तसबिरीशेजारचा खिळा तिने पटकावला. ते मोठे देवनागरी आकडे पाहतच आमची पिढी ५ आणि ८ लिहायला शिकली. नवरात्र कधी, चतुर्थीला चाकरमानी किती तारखेला येणार, दूधवाल्याचे खाडे किती, सगळं त्या आकड्यांच्या पोटात लिहिलेलं असायचं. अक्षराचं प्रेम असंच जडतं, रोज वापरून.

नाटकवेड्या सिंधुदुर्गात कमल शेडगे हे नाव घेतल्याशिवाय हा आढावा पुढे नेता येणार नाही. २०२० मध्ये ते गेले. वर्तमानपत्राच्या जाहिरातींत त्यांनी नाटकांची नावं अशी रेखली की वाचता न येणाऱ्यालाही शब्दाच्या आकारावरून नाटक ओळखावं. मुंबईहून गावी येणाऱ्या सामानाभोवती गुंडाळलेल्या वर्तमानपत्रांतून ती नावं आमच्यापर्यंत पोचत, आणि शाळेच्या वहीवर आम्ही ती गिरवत असू. नाटक बघायला मिळायचं दोन-चार वर्षांनी. अक्षराची ओळख आधीच झालेली असायची.

मग कॉम्प्युटर आला आणि अक्षरांना नावं मिळाली. पुण्याच्या सीडॅकचे 'सुरेख' आणि 'योगेश', मॉड्युलर कंपनीची 'श्रीलिपी', सायबर कॅफेत हमखास सापडणारे 'शिवाजी' आणि 'किरण'. डीटीपीवाल्याकडे लग्नपत्रिका द्यायला गेलेला माणूस "सुरेखमध्येच टाका" असं सांगू लागला. या फॉन्टांचे लाड करताना त्रासही सोसावा लागला. दुसऱ्या मशिनवर तोच फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा रानमाळ उगवायचा. ही अडचण युनिकोडने संपवली. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' विंडोज २००० बरोबर आला, आणि वेगळं काही विकत न घेता मराठी लिहिता येऊ लागली. जोशींचे हे उपकार मोठे आहेत.

पण इथेच मला या लेखातलं मुख्य दुखणं मांडायचं आहे. मराठी ल ला दोन पाकळ्या असतात आणि त्या शिरोरेषेखाली मधोमध लोंबतात. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे सरळ दांडा असतो. युनिकोडमध्ये दोघांचा क्रमांक एकच. कुठला ल उमटायचा ते फॉन्ट ठरवतो. मंगलमध्ये, आणि नंतर आलेल्या कितीतरी फॉन्टांत, दांड्याचा ल मूळचा मानला गेला. श चंही तेच झालं. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचे ल आणि श प्रमाण ठरवले, तरी रस्त्यावरच्या पाट्यांपर्यंत तो निर्णय पोचलेला नाही.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसता वळणाचा नाही, गावांच्या नावांचा आहे. आठ तालुक्यांपैकी मालवण, वेंगुर्ले आणि कणकवली या तिघांच्या नावात ल आहे. तारकर्ली घ्या, आंबोली घ्या. हाताने रंगवलेल्या एसटीच्या पाटीवर हा ल पाकळ्यांचा असायचा, कारण पेंटर शाळेत तोच ल शिकलेला असायचा. फ्लेक्स आणि रेडियम आल्यावर पेंटरचा हात गेला आणि ल ची पाकळीही गेली. गेल्या वर्षी मी घरासाठी पाटी करायला दिली. हातात आली तेव्हा सगळं सुबक होतं, फक्त 'मालवण'मधला ल दांड्याचा. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, वाचता येतं ना?" येतं. पण आपल्या गावाचं नाव परक्या हाताने लिहिलेलं वाटतं. मी ती पाटी लावली नाही.

इलाज अवघड नाही. चांगल्या फॉन्टमध्ये आज दोन्ही ल असतात. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की पाकळ्यांचा ल आपोआप येतो. जॉन हडसन आणि फिओना रॉस यांच्या टायरो देवनागरीत हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' आणि 'यशोवेणू' मोफत दिले आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'मुक्त' आणि 'बालू' सर्वांना खुले आहेत. त्यांचा गुबगुबीत 'मोदक' तर चतुर्थीच्या फलकासाठीच जन्मल्यासारखा दिसतो. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामुळे सुलेखनाची कार्यशाळा म्हणजे काय हे शाळांना वेगळं सांगावं लागणार नाही. आता प्रत्येक शाळेने गावातल्या एका जुन्या पेंटरलाही वर्गात बोलवावं, त्याच्या हातात खडू द्यावा आणि मुलांना बघू द्यावं, असं मला फार वाटतं.

तोवर एवढं करा. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, होडीचं रेडियम, जत्रेचा फलक, काहीही करायला दिलंत तर छापण्याआधी नमुना मागा. त्यात पहिल्यांदा ल शोधा. त्याला दांडा असेल तर भाषा मराठी करायला सांगा, आणि नमुना पुन्हा मागा.