उन्हाळ्यातील ताक : ग्रंथातले आणि खानदेशातले

जळगाव-धुळे भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान अनेकदा ४४ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. ‘आयुर्वेदानुसार उन्हाळ्यात ताक प्यावे’ हा सल्ला या दिवसांत आपण हमखास ऐकतो. पण सुश्रुतसंहिता उघडली, तर उष्ण काळात ताक देऊ नये असे तिथे म्हटलेले आढळते! वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त ग्रीष्मात दही वर्ज्य मानले आहे. चरकसंहितेतील ऋतुचर्येत ग्रीष्मासाठी गोड, थंड, पातळ व स्निग्ध आहार सांगितला असून खारट, आंबट, तिखट पदार्थ आणि व्यायाम टाळावा असे म्हटले आहे. खानदेशातला शेतकरी मात्र मीठ घातलेले ताक पितो, कैरीचे पन्हे पितो आणि कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा खातो. मग बरोबर कोण?

आधी शरीर थंड कसे राहते ते पाहू. हवा शरीरापेक्षा गरम असली की तिच्याकडून उष्णता आपल्यालाच मिळते. अशा वेळी उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मोठा मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम त्वचेवर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आता एक साधे गणित करू. फ्रिजमधले ७ अंशांचे पाव लिटर पाणी प्यायलो, तर ते ३७ अंशांपर्यंत तापताना शरीरातील साडेसात किलोकॅलरी उष्णता घेईल. तेच पाव लिटर पाणी घाम होऊन वाळले, तर सुमारे १४५ किलोकॅलरी जातील. म्हणजे पाणी किती थंड आहे यापेक्षा ते पोटात किती गेले याला महत्त्व आहे. ग्रंथांनी ‘पातळ’ आहारावर दिलेला भर या कसोटीला पूर्ण उतरतो. कमी खाण्याचेही तसेच आहे. अन्न पचवताना शरीरात उष्णता निर्माण होते, आणि जेवण जेवढे मोठे तेवढी ती अधिक.

अडचण येते ती मिठापाशी. घाम म्हणजे नुसते पाणी नव्हे. एका लिटरमागे साधारण १ ते ३ ग्रॅम मीठ जाते; उन्हाची सवय नसलेल्या माणसाचे त्याहूनही जास्त जाऊ शकते. आठ-पंधरा दिवस उन्हात काम केल्यावर घामग्रंथी मीठ राखू लागतात, म्हणून पहिल्या कडक आठवड्यात धोका अधिक. केळीचे घड वाहणाऱ्या मजुराला दिवसभरात कित्येक लिटर घाम येतो. त्याने केवळ साधे पाणी भरपूर प्यायले, तर रक्तातील सोडिअम घटून पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते, क्वचित शुद्धही हरपते.

चरकाने याच ऋतूत दिवसा थंड घरात झोपायला आणि रात्री चांदण्यात गच्चीवर निजायला सांगितले आहे, हे येथे लक्षात घ्यावे. ज्याला व्यायाम टाळता येतो, त्याला घाम कमी. त्याला जादा मीठ नको, हे ठीकच. नांगरामागे चालणाऱ्यासाठी तो सल्ला नाही, आणि त्याच्यापुढे तो वाचूही नये असे आम्हाला वाटते. खानदेशातील ताक आणि पन्हे ही घाम गाळणाऱ्यांची पेये आहेत.

पन्ह्यात गूळ आणि मीठ एकत्र येतात, ही आणखी एक जमेची बाजू. आतड्यात ग्लुकोज आणि सोडिअम जोडीने शोषले जातात व त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. जलसंजीवनीचे तत्त्व हेच. फक्त आपण पन्हे फार गोड करतो. कामावर नेण्यासाठी ते बरेच पातळ करावे. ताक करताना पाणी स्वच्छ हवे, कारण उन्हाळ्यात जंतू झपाट्याने वाढतात. रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मीठ वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. घरात बसून राहणाऱ्या मुलांना रोजच्या जेवणातले मीठ पुरते. (खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही असे समजणाऱ्यांनी तो कांदा खावा, निदान त्यातले पाणी तरी पोटात जाईल.)

आखाजीला घराघरांत भरली जाणारी मातीची घागर वर्गात प्रयोगासाठी उपयोगी पडेल. दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा व दोन्ही सावलीत टांगा. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर वाऱ्यात ओला तापमापक सुमारे २३ अंशांपर्यंत उतरतो. घागरीतले पाणी याच कारणाने गार होते. हीच नोंद जूनअखेर पुन्हा घ्या. दोहोंतला फरक बराच कमी झालेला दिसेल, आणि तेव्हा घागर पाणी नीट गार का करत नाही, हे विद्यार्थ्यांना विचारता येईल. पावसाळी उकाड्यात घाम अंगावर का राहतो, याचेही उत्तर त्यांना त्याच आकड्यांत सापडेल.