शेजारची खुर्ची रिकामी होते तेव्हा

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक घडवणारी ‘नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट’ आहे. विद्यार्थ्याचा पहिला एकट्याचा प्रवास, म्हणजेच ‘सोलो’, साधारणतः धावपट्टीभोवतीच्या एकाच फेरीचा असतो. फेरी प्रशिक्षकासोबत असते तशीच असली, तरी एकट्यानं उडवताना विमान मात्र वेगळं वागतं. सुमारे एक टनाच्या विमानातून प्रशिक्षक उतरला, की सत्तर-ऐंशी किलो वजन घटतं. तेवढ्याच इंजिनशक्तीवर हलकं विमान लवकर जमीन सोडतं, झपाट्यानं वर चढतं. उतरताना वेग नेहमीइतकाच ठेवला तर ते धावपट्टीवर जास्त वेळ तरंगतं, लवकर टेकत नाही. म्हणून प्रशिक्षक हे सारं आधीच समजावून सांगतात. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या किमान 200 तासांच्या उड्डाणानुभवात ही छोटीशी फेरीही मोजली जाते.