ढगातल्या खतावणीला जमिनीचा आधार

नाशिकची सातपूर औद्योगिक वसाहत ओळखली जाते ती वाहने आणि त्यांचे सुटे भाग घडविणारी वसाहत म्हणून. कच्चा माल आत येतो, पक्का माल बाहेर जातो, हे तेथील नित्याचे दृश्य. याच परिसरात पीयूष सोमाणी यांनी २००५ मध्ये स्थापन केलेल्या ‘ईएसडीएस’ या कंपनीचे डेटा सेंटर आहे आणि तेथे असा कोणताही माल नजरेस पडत नाही. रांगेने उभी केलेली सर्व्हरची कपाटे, त्यांना अहोरात्र थंड ठेवणारी वातानुकूलन यंत्रणा, वीज खंडित होताच भार उचलणाऱ्या बॅटऱ्या आणि पाठोपाठ सुरू होणारे डिझेल जनरेटर, एवढाच अशा ठिकाणचा संसार असतो. बँका, सरकारी खाती आणि उद्योग यांचे हिशेब मात्र त्यातच साठविलेले असतात. ‘क्लाउड’ या शब्दामुळे माहिती कोठे तरी अधांतरी तरंगत असावी असा समज होतो. प्रत्यक्षात ती कोणत्या कपाटात आणि कोणत्या चकतीवर आहे, यावरच तिची सुरक्षितता अवलंबून असते.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे आभासी यंत्र, अर्थात व्हर्च्युअल मशीन. जुन्या नाशकातील वाड्याचे उदाहरण येथे चपखल बसते. वाडा एकच, पण बिऱ्हाडे अनेक. प्रत्येकाची चूल वेगळी, दार वेगळे, पाया मात्र सामाईक. ‘हायपरव्हायजर’ हे सॉफ्टवेअर एका दणकट सर्व्हरची अशीच बिऱ्हाडे पाडते आणि प्रत्येकास आपण स्वतंत्र संगणक आहोत असे भासविते. कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या महासंगणकांसाठी अशी प्रणाली विक्रीस आणली होती. साध्या सर्व्हरवर ती रुजली ती १९९८ मध्ये स्थापन झालेली व्हीएमवेअर, २००३ मधील ‘झेन’ आणि २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झालेले ‘केव्हीएम’ यांच्यामुळे. २००६ मध्ये ॲमेझॉनने आभासी यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला आणि संगणक विकत घेण्याची गरजच अनेकांपुरती संपली.

संकेतस्थळ चालविणारी यंत्रे वाढविणे सोपे असते. गर्दी झाली, दहाची वीस केली. डेटाबेसचे तसे नाही, कारण तो हिशेब आहे. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला आणि व्यापाऱ्याने शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम पाठविली, असे समजू. दोघांची खाती एकाच बँकेत असतील तर व्यापाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा होणे आणि शेतकऱ्याच्या खात्यात ती जमा होणे, या दोन्ही गोष्टी एकत्र घडाव्या लागतात किंवा दोन्ही घडता कामा नयेत. शिवाय एकदा ‘जमा’ असा संदेश गेला की नंतर वीज जावो वा यंत्र जळो, ती नोंद पुसली जाता कामा नये. डेटाबेसच्या समूहाची, म्हणजे क्लस्टरची, सारी उभारणी या एका शब्दाच्या विश्वासार्हतेसाठी असते.

हे साधण्याची रीत जुन्या पेढ्यांतील मुनीमजींना ठाऊक होती. व्यवहार आधी रोजकीर्दीत, मग सवडीने खतावणीत. डेटाबेसही प्रत्येक बदल प्रथम क्रमवार नोंदवहीत लिहितो आणि नंतर मूळ तक्त्यांत उतरवितो. समूहात एक यंत्र मुख्य असते व लिहिण्याचा अधिकार केवळ त्याचा. दुय्यम यंत्रे त्याची कीर्द अखंड उतरवून घेतात. दुय्यमाकडून ‘पोहोचली’ अशी पावती आल्यावरच ग्राहकास ‘जमा’ असे कळवायचे, ही समकालिक पद्धत. आधी ‘जमा’ कळवायचे आणि नक्कल मागाहून पाठवायची, ही असमकालिक. पहिलीत वेळ जातो, दुसरीत शेवटच्या काही क्षणांचे व्यवहार हरवू शकतात.

यंत्रे किमान तीन का, हा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. दोनच असतील आणि मधली जोडणी तुटली, तर समोरचे मेले की केवळ वाट तुटली हे दोहोंपैकी एकासही कळत नाही. दोघांनीही स्वतःस मुख्य मानले की एकाच बँकेच्या दोन खतावण्या सुरू होतात. तिघांत दोघांचे बहुमत होते आणि एकटे पडलेले यंत्र गप्प बसते. या मतदानाची सुटसुटीत रीत डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये ‘राफ्ट’ या नावाने मांडली. आज अनेक प्रणाली तिच्यावर चालतात.

आभासीपणाचे खरे धोके यापुढे सुरू होतात. तीन यंत्रे मागितली आणि हायपरव्हायजरने ती तिन्ही एकाच सर्व्हरवर वसविली, तर कागदावर समूह असतो, पण वाडा कोसळताच तिन्ही बिऱ्हाडे एकदम जातात. म्हणून ही यंत्रे वेगवेगळ्या सर्व्हरवर, शक्यतो वेगळ्या कपाटांत आणि वेगळ्या वीजवाहिनीवर राहतील असा नियम आरंभीच घालावा लागतो. दुसरा धोका अधिक छुपा आहे. आभासी यंत्राने ‘लिहिले’ म्हटले तरी वेगासाठी खालच्या सर्व्हरने ती नोंद तात्पुरत्या स्मृतीतच धरून ठेवलेली असू शकते. चकतीवर न पोहोचलेली अशी नोंद वीज गेल्यास नाहीशी होते. तिसरा धोका यंत्रांच्या स्थलांतराचा. चालू यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविताना ते काही क्षण गोठते. तेवढ्यात इतरांनी नवा मुख्य निवडलेला असतो आणि जुने जागे होते ते अधिकार आपलाच आहे या समजुतीत. त्यास बळजबरीने बंद करण्याची तजवीज नसेल तर मतदानाचा उपयोग शून्य.

‘गिटहब’ या नामवंत अमेरिकी सेवेचा अनुभव बोलका आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी देखभालीच्या कामात तिच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राची जोडणी अवघे ४३ सेकंद तुटली. बहुमताने पश्चिम किनाऱ्यावर नवे मुख्य यंत्र ठरविले. परंतु पूर्वेकडील अखेरच्या नोंदी तेथे पोहोचल्याच नव्हत्या. दोन्हीकडे वेगळाले व्यवहार साठले आणि त्यांचा मेळ घालीपर्यंत सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली.

मग तीन यंत्रांपैकी एक नाशकात आणि एक मुंबईत ठेवावे काय? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराचा वीजपुरवठा कोलमडला, हे आठवले की दोन शहरांत पाय ठेवण्याचे शहाणपण पटते. ईएसडीएसची केंद्रेही नाशिकखेरीज नवी मुंबई आणि बंगळुरू येथे आहेत. पण अंतराची किंमत मोजावी लागते. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. नाशिक-मुंबई अंतर रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन निदान पावणेदोन मिलिसेकंद. वळणे आणि मधली उपकरणे धरता तीन समजावेत. ग्राहकास हा विलंब जाणवणारही नाही. परंतु बँकेच्या एखाद्या सामाईक खात्याला प्रत्येक व्यवहार स्पर्श करीत असेल, तर ते खाते दर वेळी तीन मिलिसेकंद अडून राहते आणि सेकंदाला सव्वातीनशेच्या आसपास व्यवहारांवर गाडी अडते. बंगळुरूच्या अंतरावर हा आकडा शंभराच्याही खाली येतो. म्हणूनच तिन्ही यंत्रे समकालिक पद्धतीने एकाच शहरात आणि चौथी नक्कल असमकालिक पद्धतीने दूरच्या शहरात, ही मांडणी रूढ झाली आहे. बँकांपुरता आणखी एक दंडक आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी लागते, त्यामुळे ‘दूरचे शहर’ सिंगापूर असू शकत नाही.

गर्दीच्या वेळी काय, हा पुढचा प्रश्न. लिहिणारे यंत्र एकच असल्याने त्यालाच अधिक ताकद द्यावी लागते. ईएसडीएसच्या ‘एनलाइट’ या क्लाउडचे वैशिष्ट्य नेमके हेच. चालू यंत्राचे प्रक्रियक आणि स्मृती मागणीनुसार वाढविण्या-घटविण्याच्या या तंत्रास अमेरिकेत पेटंट मिळाले आहे. मात्र वाढविणे आणि घटविणे सारखे नाही. पोस्टग्रेससारखा डेटाबेस आपल्या वाट्याची सामाईक स्मृती सुरू होतानाच ठरवून घेतो. नंतर दिलेली जादा स्मृती तो थेट वापरीत नाही, आणि खालून ती अचानक काढून घेतली तर तो बंदही पडू शकतो.

नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे, हे तर अनुभवी मंडळीही विसरतात. चुकून दिलेली ‘पुसा’ ही आज्ञा दुय्यम यंत्रे तितक्याच निष्ठेने पाळतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’मध्ये एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर माहिती पुसली. नित्याच्या बॅकअप पद्धतींपैकी एकही कामी आली नाही. वेगळ्याच कारणासाठी सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून नुकसान सहा तासांपुरते राहिले. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ‘ओव्हीएच’चे डेटा सेंटर आगीत भस्मसात झाले, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते.

यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे. ठरावीक काळाने, शक्यतो सुटीच्या दिवशी, मुख्य यंत्र मुद्दाम बंद करायचे आणि घड्याळ लावायचे. किती मिनिटांत कारभार पुन्हा सुरू झाला आणि किती मिनिटांच्या नोंदी हरवल्या, हे दोन आकडे लिहून ठेवायचे. त्यानंतर बॅकअपमधून कोऱ्या यंत्रावर संपूर्ण खतावणी उभी करून शिल्लक जुळते का ते पाहायचे. पहिला आकडा कमी करण्यास यंत्रे लागतात, दुसरा शून्यावर आणण्यास वेग सोडावा लागतो. यांपैकी काय परवडते, हे अभियंत्याने ठरवायचे नसून बँकेच्या संचालक मंडळाने ठरवायचे असते.